काच

आजोबांचा मालवणात मचवा होता. समुद्रावर जाताना ते मला नेत नसत; पण तो वाळूवर ओढला की काथ्याच्या दोरांना चिंध्या गुंडाळायचं काम माझं. दोर जिथे लाकडावर घासतो तिथे आजीच्या जुन्या लुगड्याची पट्टी, तीन वेढे, घट्ट. "दोर वाऱ्यान तुटत नाय गो, एकाच जाग्यार घासान तुटता." त्याला आम्ही काच म्हणतो. सासुरवासाचा असतो, तोच.

मग पुणं, नोकरी. बावीस वर्षं दोराशी संबंध आला तो कपडे वाळत घालण्यापुरता, तोही नायलॉनच्या.

पंचेचाळिशीत, निव्वळ हौस म्हणून, एका ४२ फुटी शिडाच्या बोटीवर पाचवी खलाशी म्हणून चढले. कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासहून अटलांटिकपार ग्वाडेलूप, सुमारे २,७०० सागरी मैल. एकवीस दिवस लागले. लोक वादळाचं विचारतात. वादळ आलंच नाही. तिथे व्यापारी वारे दिवसरात्र पाठीमागून वाहतात. १४९२ साली कोलंबसही याच बेटांवरून पश्चिमेला निघाला. पण पाठीवर वारा घेतलेली बोट नुसती डुलत राहते. चहाचा कप गुडघ्यांत धरायचा, कणीक मळायची तर परात पोटाशी दाबून. आणि शीड आठ-आठ दिवस एकाच बाजूला. दोर त्याच जागी, दर हेलकाव्याला केसभर पुढे, केसभर मागे.

रोज सकाळी तो वीतभर सरकवायचं काम कप्तानाने माझ्याकडे दिलं होतं. बाराव्या दिवशी मला मळमळत होतं. दोर नुसता डोळ्यांनी पाहिला, ठीक वाटला. काचलेली बाजू खाली होती. रात्री दोनच्या पाळीत बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि अख्खं शीड काळोखात थडथड आपटायला लागलं. सगळ्यांना उठवून ते आवरेस्तोवर उजाडलं. मला कोणी एक शब्द बोललं नाही, तेच जास्त लागलं.

त्यानंतर रोज दोरावरून अंगठा फिरवायचे. डोळा फसतो, अंगठ्याला उभे राहिलेले तंतू लगेच कळतात.

शेवटच्या रात्री ध्रुवतारा उतरत उतरत क्षितिजापासून १६ अंशांवर आला होता, मालवणात दिसतो तेवढाच.

तुटलेल्या दोराचा तुकडा मी घरी आणला. आईने त्याचं वासराला दावं केलं. खुंटीशी घासतो तिथे तिने लुगड्याची पट्टी गुंडाळली आहे. तीन वेढे.