घड्याळाजवळ बघा

महिन्याची वीस तारीख आली की सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या माझ्या दुकानातला फोन सकाळी दहापासूनच वाजायला लागतो. जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायची ती शेवटची तारीख. पलीकडे कधी सीएंच्या ऑफिसातला शिकाऊ आर्टिकल असतो, कधी हळदीच्या आडत दुकानातले दिवाणजी. तक्रार एकच.

"ते सहीचं उघडंना झालंय बघा."

"घड्याळाजवळ बघितलंत का?"

"घड्याळ? साडेअकरा झालेत की."

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात पडल्यापासून हा संवाद मी इतक्या वेळा केलाय, की पुढचं वाक्य तोंडातून आपोआप बाहेर पडायचं. खाली उजव्या कोपऱ्यात वेळ दिसते ना, तिच्या डावीकडे वर टोक असलेला बारका बाण आहे, त्यावर एकदा क्लिक करा. बहुतेक वेळा काम तिथंच होतं. कधीकधी मात्र जावं लागतं.

अशाच एका वीस तारखेला एका सीएंच्या ऑफिसात गेलो. आर्टिकल पोरगा घामाघूम. डेस्कटॉपवरच्या डिजिटल सहीच्या आयकॉनवर तो दोनदा क्लिक करायचा, माउसच्या खुणेशेजारी निळं चक्र थोडं फिरायचं आणि सगळं शांत. म्हणून परत क्लिक. त्याच्या मते प्रोग्रॅम बिघडला होता, काढून नव्यानं टाकायला हवा होता. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला तर त्याच नावाच्या ओळी एकाखाली एक लागलेल्या. प्रोग्रॅम उघडत होता, आणि प्रत्येक क्लिकला नव्यानं उघडत होता. कोपऱ्यातल्या बाणावर क्लिक केल्यावर छोटी चौकट वर आली. तिच्यात अँटिव्हायरस, ब्ल्यूटूथ, प्रिंटर आणि सहीचं ते इवलंसं पेन. सकाळी मशीन सुरू झालं तेव्हाच हे पेन तिथं येऊन बसलं होतं.

झालं होतं ते असं. सहीचे असे प्रोग्रॅम ब्राउझरशी बोलण्यासाठी त्याच मशीनवर एक पोर्ट, म्हणजे संवादाची वाट, अडवून बसतात. पहिल्या प्रतीनं तो अडवला. पोरानं डिजिटल सही ज्यात असते ते यूएसबी टोकन लावलं त्यानंतर, त्यामुळं पहिल्या प्रतीला ते दिसलंच नव्हतं. पुढच्या प्रती आल्या, पोर्ट भरलेला बघून मुक्या बसल्या. सगळ्या ओळी बंद केल्या, टोकन काढून पुन्हा लावलं, प्रोग्रॅम एकदाच उघडला आणि सही झाली. सीए केबिनमधून बाहेर येऊन म्हणाले, "एवढंच होतं?" बिल देताना हे वाक्य सगळेच म्हणतात.

खिडकी आणि प्रोग्रॅम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कॉम्प्युटर शिकवताना कुणी सांगत नाही. आडव्या रेघेवर क्लिक केलं की खिडकी टास्कबारवर जाते, फुलीवर क्लिक केलं की बंद होते, एवढं क्लासमध्ये शिकवतात. पण बरेच प्रोग्रॅम फुली दाबल्यावर फक्त खिडकी आवरतात आणि स्वतः चालूच राहतात. गल्ल्यावरचं शटर ओढलं तरी मागच्या दारानं व्यवहार चालू असतो, तसंच. चॅटचे प्रोग्रॅम, फाइली इंटरनेटवर चढवणारे, दुरून दुसऱ्याचं मशीन चालवायला देणारे, सगळ्यांची हीच रीत. त्यांचं कामच मागं राहून करायचं असतं, त्यामुळं त्यात गैर काही नाही. गैर एवढंच, की जाताना सांगून जात नाहीत.

हा कोपरा आला विंडोज ९५ बरोबर, २४ ऑगस्ट १९९५ ला. डावीकडे स्टार्टचं बटण, उजवीकडे घड्याळ आणि घड्याळाच्या अलीकडे १६ बाय १६ पिक्सेलच्या चित्रांना जागा. छपाई चालू आहे, मोडेम जोडलाय, आवाज बंद आहे, असल्या खुणा दाखवण्यापुरती ती होती. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत तिचं नाव नोटिफिकेशन एरिया, बाकी जग सिस्टिम ट्रे म्हणतं, आमच्याकडे घड्याळाजवळ. प्रोग्रॅम पटकन उघडायची ही जागा नव्हे, असं मायक्रोसॉफ्टनं आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहून ठेवलंय. ऐकतो कोण? जो तो आपलं चित्र तिथं ठेवायला लागला. २००१ च्या एक्सपीत वापरात नसलेली चित्रं झाकायची सोय आली, २००९ च्या विंडोज ७ मध्ये बाणामागची ती चौकट, आणि नवीन येणारं चित्र थेट तिच्यात टाकायची पद्धत. २०२१ च्या विंडोज ११ नं तर 'सगळे आयकॉन कायम दाखवा' हा एकच खटका सेटिंगमधून काढून टाकला. आता प्रत्येक प्रोग्रॅमचा खटका वेगळा दाबत बसायचं. हे कुणाला सोयीचं वाटलं असेल, देव जाणे.

चौकट सापडली तरी पुढचा घोळ असतोच, क्लिक कसं करायचं याचा. कोपऱ्यातलं चित्र दाखवायचं काम विंडोजचं, पण त्यावर क्लिक झालं की विंडोज फक्त प्रोग्रॅमला निरोप देतो. पुढं काय करायचं ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणून एकाची खिडकी एका क्लिकला उघडते, दुसऱ्याला दोन लागतात, तिसरा उजव्या क्लिकशिवाय दाद देत नाही. फोनवर मी सांगतो ते याच क्रमानं. आधी एकदा क्लिक करून थोडं थांबा, मग दोनदा, मग उजवं क्लिक करून यादी वाचा. ओपन, शो, रिस्टोअर यांपैकी काहीतरी तिच्यात असतंच. त्या यादीतली एखादी ओळ ठळक अक्षरात असेल तर दोन क्लिकला तेच काम होतं, अशी विंडोजची जुनी रीत आहे. आणि तळाशी एक्झिट असतं. प्रोग्रॅम खरोखर बंद करायचा तो तिथून.

एका आडत दुकानात तक्रार वेगळीच होती. दिवाणजी बँकेच्या साइटवर युजर नेम टाइप करायला गेले की देवनागरी अक्षरं उमटायची. व्हायरस असणार, अशी मालकांची खात्री. यार्डात सौदे चालू होते, कीबोर्डच्या फटीत हळदीची पिवळी धूळ, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत बराहा हा मराठी टाइप करायचा प्रोग्रॅम. मालकांच्या मुलीनं आदल्या दिवशी कॉलेजचा मराठी निबंध त्याच मशीनवर टाइप केला होता आणि मराठी चालूच ठेवून खिडक्या बंद केल्या होत्या. एफ ११ दाबलं, युजर नेम इंग्रजीत आलं. दिवाणजी म्हणाले, "म्हंजे त्यो आत बसून समदं मराठी करत हुता व्हय!" याहून नेमकं वर्णन मला जमलं नसतं.

उलटंही होतं. प्रोग्रॅम मेलेला असतो आणि चित्र मात्र जागेवर. जाताना आपलं चित्र काढून घेणं ही प्रोग्रॅमची जबाबदारी. तो अचानक कोसळला तर काढणार कोण? मग ते तिथंच राहतं आणि माउस त्यावरून फिरला की डोळ्यांदेखत नाहीसं होतं. टास्कबार सांभाळणारा विंडोज एक्सप्लोरर स्वतः कोसळून पुन्हा उभा राहिला तर कोपरा रिकामा होतो. टास्कबार नव्यानं तयार झालाय, अशी दवंडी तो सगळ्यांना देतो. जे प्रोग्रॅम ती ऐकतात ते चित्र परत ठेवतात, जे ऐकत नाहीत ते चालू असूनही दिसत नाहीत. त्यांना टास्क मॅनेजरमधून बंद करून पुन्हा उघडण्यावाचून इलाज नाही.

या कोपऱ्याची खरी ओळख मला करून दिली ती एका बँकेतल्या अंध अधिकाऱ्यांनी. लॅपटॉपवर काहीतरी अडलं म्हणून त्यांनी घरी बोलावलं. लॅपटॉप उघडा होता, पण स्क्रीन पार काळी. मी म्हटलं, "सर, डिस्प्ले गेलाय." ते हसले. "ब्राइटनेस शून्यावर आहे. मला कशाला हवी? बॅटरी तरी वाचते." त्यांनी मशीन चालवून दाखवलं ते कानांनी, एनव्हीडीए या, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ साली तो लिहायला घेतला, आणि आजही तो फुकट मिळतो.

त्यांनी विंडोजची कळ धरून बी दाबलं. आवाज आला, "नोटिफिकेशन शेव्हरॉन, बटन." ज्या बाणासाठी मी अख्खी सांगली घड्याळाकडे पाठवत होतो, त्यावर ते माउसला हातही न लावता पोचले होते. एंटर दाबून चौकट उघडली. बाणाच्या कळांनी एकेका चित्रावर गेले, तसा आवाज नावं वाचत गेला. अँटिव्हायरस, ब्ल्यूटूथ, हेडफोनचा प्रोग्रॅम. एका ठिकाणी मात्र नुसतंच "बटन".

"हा कोण, ते सांगायला तुम्हाला बोलावलंय," ते म्हणाले.

चित्रावर माउस धरल्यावर जी ओळ दिसते, तीच स्क्रीन रीडर वाचतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं ती भरायची असते. विंडोज २००० पासून तिला १२८ अक्षरांपर्यंत जागा आहे. या प्रोग्रॅमनं एकही अक्षर भरलं नव्हतं. मी ब्राइटनेस वाढवून पाहिलं, तो प्रिंटरबरोबर आलेला शाई मोजणारा प्रोग्रॅम होता. त्यांनी एंटर दाबलं, काही झालं नाही. शिफ्ट आणि एफ १० दाबलं, जे उजव्या क्लिकचं काम करतं. तरी शांत. माउस आणि डोळे दोन्ही असलेल्या माणसासाठीच तो लिहिला होता. मग त्यांनी एनव्हीडीएसाठी ठरलेली कळ धरून नंबरपॅडवरची भागाकाराची कळ दाबली, तशी माउसची खूण त्या चित्रावर गेली. नुसती भागाकाराची कळ दाबली, ते झालं डावं क्लिक. खिडकी उघडली. हे सगळं त्यांनी मला बोलता बोलता, चहाचा कप दुसऱ्या हातात धरून दाखवलं.

एनव्हीडीए स्वतःही त्याच कोपऱ्यात बसतो. पण त्याचा मेनू उघडायला तिथं जावं लागत नाही, एनव्हीडीएची कळ आणि एन एवढंच पुरतं. जॉज हा विकतचा स्क्रीन रीडर. त्यात इन्सर्ट आणि एफ ११ दाबलं की कोपऱ्यातल्या सगळ्या चित्रांची नावं एका यादीत उभी राहतात. डोळसांसाठी अशी सरळ यादी माझ्या तरी पाहण्यात नाही.

निघताना ते म्हणाले, "फोनवर लोकांना बारका बाण शोधायला कशाला लावता? कळ सांगा की." तेव्हापासून कळच सांगतो. विंडोज आणि बी, मग एंटर, मग बाणांच्या कळा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या दिवाणजींना तो बाण कधी दिसला नव्हता. कळांची ही जोडी त्यांनी खतावणीच्या पुठ्ठ्यावर पेनानं लिहून ठेवलीय.

हा घोळ एकट्या विंडोजचा नाही. मॅकवर लाल बटणानं खिडकी जाते आणि प्रोग्रॅम राहतो, पण तळाच्या पट्टीत त्याच्या चित्राखाली ठिपका तरी दिसतो. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपनं २०१७ मध्ये जुना ट्रे काढूनच टाकला. लोकांनी जोड-प्रोग्रॅम टाकून तो परत आणला.

पहिल्यांदा लपताना "मी इथं आहे" असा संदेश देणारे प्रोग्रॅमही आहेत, आणि पुन्हा उघडायला गेल्यावर आधीचीच खिडकी पुढं आणणारेही. त्यासाठी लागणारा कोड मोजक्या ओळींचा असतो. आपली एक प्रत चालू आहे का बघायचं, असेल तर तिला पुढं बोलवायचं आणि आपण गुपचूप निघून जायचं. जे एवढं करत नाहीत त्यांना मी आळशी म्हणतो. माझं दुकान त्यांच्यावर चालतं हे खरं असलं तरी.

तुमच्या मशीनवर विंडोज ११ असेल तर टास्कबारवर उजवं क्लिक करून टास्कबार सेटिंग्जमध्ये जा आणि 'अदर सिस्टिम ट्रे आयकॉन्स' उघडा. सही, बॅकअप आणि अँटिव्हायरस यांचे खटके चालू करा, म्हणजे ती चित्रं बाणामागं न जाता कायम डोळ्यांसमोर राहतील. जे नको आहेत त्यांना टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतून कमी करा.

आणि हे वाचणाऱ्यांत कुणी प्रोग्रॅम लिहिणारे असतील, तर त्यांना एक विनंती. त्या कोपऱ्यात आपलं चित्र ठेवणारच असाल तर नावाची ओळ रिकामी सोडू नका, आणि एंटर दाबल्यावर खिडकी उघडते का, हे माउस काढून एकदा तपासा.