दुसरा बैल

२०२५ सालच्या पावसाळ्यात आमच्या घरी दीड महिना एकाच वस्तूची चर्चा चालली होती. जेवताना ती, चहा पिताना ती, आणि दिवे गेल्यावर अंधारातही तीच. वस्तू केवढी म्हणाल, तर चार सेंटीमीटर लांब आणि तेवढीच रुंद. पोटाशी तेराशे एकतीस सोनेरी पाय, आणि पाठीवर गुळगुळीत धातूचे झाकण. तिला प्रोसेसर म्हणतात. संगणकाचा मेंदू तो हाच, असे आम्ही मास्तर लोक वर्गात सांगतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. हा मेंदू बदलता येतो, आणि तो बदलण्यासाठी घरातल्या चार माणसांची मने आधी बदलावी लागतात, हे पाठ्यपुस्तकात नव्हते.

आमच्याकडे संगणक आला तो २०२० साली, शाळांना कुलपे लागली तेव्हा. चिरंजीव त्या वेळी सहावीत होते. दुकानदाराने रायझन ३ ३२००जी आणि रायझन ५ ३४००जी असे दोन प्रोसेसर पुढे ठेवले. दोन्हींत चित्र दाखवण्याची सोय आतच होती. फरक एवढाच की पहिला एका वेळी चार कामे अंगावर घेई आणि दुसरा आठ. मी किमतीतला फरक विचारला आणि मान हलवून पहिला घेतला. वाचलेल्या पैशांचे काय झाले ते आता आठवत नाही. अशा वाचलेल्या पैशांचे काय होते, हे कधी कोणाला आठवले आहे?

त्या यंत्रावर माझ्या कादंबरीची प्रकरणे उतरली, मुलाची शाळा झाली, आणि मुलगा मोठा होता होता शाळेची जागा खेळांनी घेतली. मला त्या खेळांचे प्रेम नाही. पडद्यावर बंदुका घेऊन धावणारी माणसे पाहिली की मला आपले पूस नदीच्या काठचे विटीदांडूचे डाव आठवतात. मग मी काहीतरी बोलतो, आणि मुलगा काहीच बोलत नाही. गेली दोन वर्षे आमचे संभाषण बहुधा असेच होते. अकरावीतल्या मुलांचे बाप ओळखतील.

अशात पुण्याच्या मामेभावाने स्वतःसाठी नवे ग्राफिक्स कार्ड घेतले आणि आपले जुने, आरएक्स ६६००, याला देऊन टाकले. सांगायचे तर पुसदसारख्या गावी कोणाच्या तरी अंगणात एकाएकी मोटार उभी राहावी तसे झाले. कार्ड बसवले, आणि खेळ मात्र पूर्वीसारखाच अडखळत राहिला. मुलाचे तोंड उतरले. 'कार्ड खराब असेल,' असे मी म्हणालो. दुसऱ्याने फुकट दिलेल्या वस्तूबद्दल माणसाचे मत लवकर वाईट होते.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, ऐंशीच्या घरात आहेत. आयुष्यभर काळ्या रानात कपाशी केली. त्यांनी नातवाला जवळ बोलावून सगळे समजून घेतले आणि म्हणाले, "मंग सोपं हाय ना लेका. जोडीतला एक बैल तेज, एक मंद. तेजाले मार देऊन काय होते? मंद कोन्ता हाय, थे आधी पाय."

मुलाने ते मनावर घेतले. कोणता बैल मंद आहे हे कसे ओळखायचे, याची एक सोपी परीक्षा आहे आणि ती फुकट आहे, म्हणून इथे सांगतो. खेळातल्या चित्राचा बारकावा मुद्दाम कमी करायचा. चित्र काढणे हे ग्राफिक्स कार्डाचे काम. ते हलके केल्यावर जर वेग वाढला, तर मंद होते ते कार्ड. आमच्याकडे चित्र धुरकट झाले, पण सेकंदाला साठ-बासष्ट चित्रांचा आकडा जागचा हलला नाही. शेजारच्या तक्त्यात प्रोसेसर शंभर टक्के राबत होता आणि कार्ड पंचेचाळीस टक्क्यांवर जांभया देत उभे होते. पाच वर्षांपूर्वी मी पैसे वाचवून घेतलेला बैल तो हाच. मुलगा माझ्याकडे पाहून काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

पैशांचा प्रश्न त्याने स्वतःच सोडवला होता. मृगाच्या आधीपासून गावातल्या एका कृषी केंद्रात तो रोज संध्याकाळी बसत होता. सोयाबीनच्या पिशव्या उचलणे, पावत्या लिहिणे, कपाशीच्या बियाण्याची पाकिटे मोजून देणे. महिना-सव्वा महिन्याच्या त्या कामाचे त्याला सात हजार मिळाले. खांद्याला पोत्याचा वळ उठलेला मुलगा त्या नोटा आईच्या हाती देतो आणि 'प्रोसेसरसाठी ठेव' म्हणतो, तेव्हा खेळांविषयीचे माझे व्याख्यान घशातच राहिले. मी दोन हजार घालीन असे कबूल केले. नऊ हजार झाले.

आता निवड. मुलाने मला समजावून सांगितले, आणि शिष्याच्या जागी बसण्याची सवय नसलेल्या मला ते समजायला आठवडा लागला. आमच्या मदरबोर्डाचे सॉकेट एएम-४ जातीचे. एएमडी कंपनीने या सॉकेटात २०१७ पासून रायझनच्या पिढ्यांमागून पिढ्या बसवल्या, म्हणून जुन्या बोर्डावर पुष्कळ नवा प्रोसेसर चालतो. नवे एएम-५ सॉकेट २०२२ मध्ये आले, पण त्याला बोर्डही नवा आणि रॅमही नवी, डीडीआर-५ जातीची. इंटेलकडे जावे तरी बोर्ड बदलणे आलेच. म्हणजे बैल बदलायला निघालो आणि गाडी, जू आणि गोठाही बदलून आलो, असा तो प्रकार. तो मार्ग आम्ही सोडला.

उरले चार. ५५००, ५६००, ५६००एक्स आणि ५७००एक्स३डी. शेवटचा २०२४ सालचा. आठ गाभे आणि त्याच्या पोटात शहाण्णव मेगाबाइटची कॅश. कॅश म्हणजे काय? माझ्या टेबलावर खडूची पेटी असली तर मी हात लांबवून खडू घेतो. नसली तर मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटापर्यंत जावे लागते, आणि तोवर वर्ग गोंधळ घालतो. टेबल जेवढे मोठे तेवढ्या फेऱ्या कमी. खेळांना हे टेबल फार मानवते. पण त्या टेबलाची किंमत आमच्या नऊ हजारांच्या दुपटीवर होती, म्हणून मुलाने त्याचे चित्र नुसते पाहिले आणि बंद केले. ५६०० आणि ५६००एक्स ही सख्खी भावंडे. दोघांचेही सहा गाभे, कॅश तीच, धावण्यात दोनशे मेगाहर्ट्झचा फरक. त्या एका 'एक्स'साठी जास्तीचे पैसे मोजायला आम्ही दोघेही तयार नव्हतो. बापलेकांचे एकमत झाल्याचा तो दिवस मी कॅलेंडरवर लिहून ठेवायला हवा होता.

खरा तंटा ५५०० आणि ५६०० यांत होता. दोघांनाही सहा गाभे आणि बारा धागे. पण ५५०० ची मोठी कॅश सोळा मेगाबाइटची, ५६०० ची बत्तीस. ५५०० कार्डाशी जुन्या, तिसऱ्या पिढीच्या वाटेने बोलतो अशीही त्याची एक बदनामी आहे. पण आमचा बी-४५० बोर्ड स्वतःच त्या वाटेचा, त्यामुळे हा आरोप आमच्या घरी लागू नव्हता. मी हे शोधून काढले तेव्हा मला कोण आनंद झाला! मी म्हणालो, "स्वस्त घे." आणि बोलता बोलता पाच वर्षांपूर्वीचे दुकान मला आठवले. तोच आवाज, तीच मान हलवण्याची लकब.

त्यातच दुसरी अडचण निघाली. आमच्या यंत्रात आठ जीबीची एकच रॅमपट्टी होती. दोन पट्ट्या असल्या तर प्रोसेसरला माल दोन दारांनी मिळतो, एक असली तर एकाच. मुलाने मित्राची पट्टी एका संध्याकाळपुरती मागून आणली आणि लावून पाहिली. बासष्टचे एकाहत्तर झाले, नवा प्रोसेसर न घेताच. म्हणजे पट्टी हवीच. मग नऊ हजारांत ५५०० आणि पट्टी, की ५६०० आणि पट्टी अकरा हजारांना?

"जुना विकू," मुलगा म्हणाला. त्याच्या वर्गातला एक मित्र वडिलांच्या दुकानासाठी संगणक जोडत होता. त्याला ३२००जी दोन हजारांना हवा होता, कारण त्यात चित्राची सोय आत असल्याने वेगळे कार्ड लागत नाही. (५६०० मध्ये ती सोय नाही. उद्या कार्ड बिघडले तर पडदा काळा आणि माझी कादंबरीही अंधारात! पण हा मुद्दा मी मांडला तेव्हा माझ्याकडे कोणी लक्ष दिले नाही.) सौभाग्यवतींनी आपल्या भिशीतून दोन हजार उसने दिले, जुना विकल्यावर परत करायचे. अशा रीतीने ५६०० ठरला. खोक्यातलाच घ्यायचा, सुटा नाही, हेही ठरले. खोक्यात कंपनीची तीन वर्षांची हमी असते आणि पंखाही मिळतो.

वाट पाहण्याच्या त्या दिवसांत मी मुलाला थोडे ज्ञान पाजण्याचा प्रयत्न केला. पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम पुण्यात जन्मले. १९९३ मध्ये इंटेलचा पेंटियम बाजारात आला, आणि पुढे हेच धाम प्रतिस्पर्धी एएमडीच्या के-६ मागेही होते. मुलाला हे आवडले. मग मी विजय भटकरांवर आलो. आपल्या वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. अमेरिकेने हवा तो महासंगणक द्यायचे नाकारल्यावर त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने लहान लहान प्रोसेसर एकत्र जुंपून १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. मी रंगात आलो होतो. मुलाने शांतपणे विचारले, "बाबा, त्याचं सॉकेट कोणतं होतं?" मी चहा मागवला.

नव्या प्रोसेसरला बोर्डाने ओळखावे म्हणून आधी त्याचे बायोस नवे करावे लागते, आणि ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. या कामाच्या चार-पाच मिनिटांत वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. पावसाळ्यातली आमच्याकडची वीज! शेजाऱ्यांचा यूपीएस मागून आणला, पहाटे पाचची वेळ धरली, आणि आम्ही दोघे त्या पडद्यावरच्या सरकत्या पट्टीकडे सत्यनारायणाला बसावे तसे बसलो. पट्टी शेवटास गेली. सातला दिवे गेले.

पुढचा प्रमाद माझा. मुलाने बजावले होते की यंत्र दहा मिनिटे चालवून गरम करा, म्हणजे प्रोसेसर आणि पंख्याच्या मधला लेप मऊ होतो, आणि मग पंखा हळूहळू पिळत सोडवा. तो स्क्रू ठेवायला वाटी आणण्यासाठी आत गेला. मी म्हटले, तेवढे मी करतो. पाच वर्षांचा लेप वाळून सिमेंट झाला होता. मी सरळ वर ओढले, आणि पंख्याबरोबर प्रोसेसरही सॉकेटातून उपटून हातात आला. उलटा करून पाहतो तो एका कोपऱ्यातले तीन पाय वाकलेले.

दोन हजार रुपये. भिशीचे. म्हणजे खरे पाहता पोत्यांचे. मुलगा वाटी घेऊन दारात उभा राहिला. मी उभ्या आयुष्यात शेकडो मुलांना निष्काळजीपणाबद्दल बोललो आहे; काय काय बोलतो ते मला पाठ आहे, आणि त्या क्षणी ते सगळे मला ऐकू येऊ लागले. तो खाली बसला. म्हणाला, "बाबा, तुमची पेनपेन्सिल आहे?"

वह्या तपासताना मी वापरतो ती. त्यातले शिसे काढून टाकले की टोकाला बारीक पोकळ नळी उरते. ती वाकलेल्या पायावर चढवायची आणि केसाएवढी, अगदी केसाएवढी, सरळ करायची. पाय एकदा मोडला की संपले. "तुमचा हात स्थिर आहे, तुम्ही करा," तो म्हणाला आणि मोबाइलचा दिवा धरून बसला. मी तिसऱ्या पायाशी आलो तेव्हा माझा श्वास त्याच्या कानाला लागत असावा, आणि त्याचा माझ्या. इतक्या जवळ आम्ही बहुधा तो दुसरीत असताना बसलो होतो, गिरवण्याच्या वहीवर. पाऊण तास लागला. जुना प्रोसेसर परत सॉकेटात ठेवला, तेव्हा जोर न लावता तो आपल्या वजनाने खाली बसला. पंखा, लेप, कळ. पडदा उजळला. आबा बाजेवरून म्हणाले, "उठला का रे बैल?"

मग तो रीतीने काढला आणि ५६०० बसवला. पहिल्यांदा पडदा मिनिटभर काळाच राहिला; नव्या पट्टीची ओळख करून घ्यायला बोर्ड तेवढा वेळ घेतो, हे मुलाला माहीत होते, मला नव्हते. तो मिनिट मी विसरणार नाही. संध्याकाळी त्याच खेळात आकडा एकशेचाळीसच्या आसपास गेला. अडखळणे थांबले. जुना प्रोसेसर मित्राकडे गेला. वाकून सरळ केलेल्या पायांची हकिकत त्याला आधी सांगितली होती, म्हणून दोनशे कमी घेतले. तेवढे मी भिशीत भरले.

दोन दिवसांनी मी सहज विचारले, "आपला पडदा सेकंदाला किती चित्रं दाखवतो रे?"

"पंच्याहत्तर."

"आणि यंत्र एकशेचाळीस काढतं?"

तो हसला. "पुढच्या मृगाला बघू, बाबा."

जाता जाता त्याने खुर्ची माझ्यासाठी मोकळी केली आणि कादंबरीची फाइल स्वतःच उघडून दिली. डोळे मिटायच्या आत ती उघडली. अकरावे प्रकरण सात महिन्यांपूर्वी जिथे अडले होते, तिथेच होते.