मुसल्लस म्हणजे ट्रायअँगल

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी उर्दू आणि मराठी शिकवतो. गणित-विज्ञान माझे विषय नाहीत, बी.एड.लाही माझ्या अध्यापन पद्धती भाषांच्याच होत्या. तरीही दरवर्षी जून-जुलैत इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची गडबड सुरू झाली की पालक माझ्याकडेच येतात. फॉर्म इंग्रजीत, शासन निर्णय मराठीत आणि घरात वाचणारे उर्दू, असा मामला असतो.

आमची मुलं हुशार नाहीत असं सर्रास बोललं जातं. आमचीच माणसंही बोलतात. मला ते पटत नाही. मुलं मागं पडतात ती अकरावीच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत, आणि त्याचं कारण डोक्यात नसतं, शब्दांत असतं. दहावीपर्यंत मुसल्लस, जाविया, कुव्वत, कसाफत म्हणत शिकलेल्या मुलीला जुनिअर कॉलेजात एकदम ट्रायअँगल, अँगल, फोर्स, डेन्सिटी ऐकू येतं. मराठी शाळेतून त्रिकोण, कोन, बल, घनता शिकून आलेल्या मुलाचीही गत तीच. पण त्याला शेजारी विचारायला चार जण असतात. आमच्या मुली मागच्या बाकावर बसून नुसतं उतरवून घेतात.

काही वर्षांपासून मी दहावीच्या सुट्टीत मुलांकडून एक वही करून घेतो. तीन रकाने: उर्दू, मराठी, इंग्रजी. विज्ञान शिकवणारे सर अर्थ तपासून देतात. यात मजाही येते. शायरीत कसाफत म्हणजे जडपणा, मळकटपणा, लताफतच्या उलट. तीच कसाफत विज्ञानात वस्तुमान भागिले आकारमान होऊन बसते. एका मुलीनं विचारलं होतं, “सर, डेन्सिटी म्हणजे आपली कसाफतच ना? मग हे तर येतं मला!” तेवढं कळलं की निम्मी भीती जाते.

2021पासून जेईई मेनचा पेपर 13 भाषांत निघतो, त्यात उर्दू आहे आणि मराठीही. बातमी आली तेव्हा स्टाफरूममध्ये आनंद झाला. पण दोन वर्षं कॉलेज इंग्रजीत, सरावाची पुस्तकं इंग्रजीत आणि परीक्षेच्या दिवशी अचानक उर्दू कोण निवडणार? त्यामुळे आमच्या मुलांचा खरा भर एमएचटी-सीईटीवर. तिथं चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, अकरावीचा भाग साधारण 20 टक्के आणि बारावीचा 80 टक्के. गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात. ज्याला उत्तर पायरीपायरीने लिहून काढायची सवय आहे, तो तिथं वेळेत हरतो. लातूरच्या क्लासची फी भरू शकणाऱ्यांना हा वेग शिकवला जातो. बाकीच्यांनी मोबाइलवर जुने पेपर सोडवायचे, तेही घड्याळ लावून.

पर्सेंटाइलचा घोळ वेगळाच. “सर, पंचानवे आये ना, फिर बी सीट कायकू नै मिलती?” मी हिशोब मांडून दाखवतो: समजा तीन लाख मुलं बसली, तर 95 पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे पंधरा हजार असतात.

आणि एवढं करून उरते ती कागदांची परीक्षा. यंदा एका बागवान मुलीला चांगला पर्सेंटाइल मिळाला. वडील गाड्यावर फळं विकतात. बागवान ओबीसीत येतात, पण जात वैधता प्रमाणपत्रासाठी 13 ऑक्टोबर 1967च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेलेले नाहीत. थोरल्या चुलत आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त ‘मुसलमान’. त्या काळच्या मास्तरांना त्याहून जास्त विचारावंसं वाटलं नसेल. व्हॅलिडिटी वेळेत आली नाही तर राखीव जागेचा हक्क जातो, मग पर्सेंटाइल कितीही असो.

शेवटी मदतीला आली ती निजामाच्या अमदानीतली एक नोंद. 1948पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी दफ्तर उर्दूत चालायचं. घसटलेल्या लिपीतला तो कागद कार्यालयात कुणाला लागेना. मी दोन संध्याकाळी भिंग घेऊन बसलो, तेव्हा पणजोबांच्या नावापुढे ‘बागबान’ सापडलं. अकरावीत जी उर्दू आड आली म्हणून तिनं रडून घेतलं होतं, तिनंच तिची फाइल पुढे सरकवली. रीतसर भाषांतर करून कागद जोडला, आणि बऱ्याच चकरांनंतर व्हॅलिडिटी हातात पडली.

नांदेडला सिव्हिलची जागा लागली आहे. 2024च्या निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, म्हणून वडिलांना फीची काळजी थोडी कमी. पण राहणं-खाणं आहेच, आणि नातेवाइकांचं बोलणंही. मामूंनी तर थेट विचारलं, डी.एड. करून गावातच शिकवता येणार नाही का.

काल तिच्या अम्मीचा फोन आला होता. होस्टेलच्या एका खोलीत किती मुली असतात, शनिवारी निघाली तर संध्याकाळपर्यंत घरी पोचेल का, पांघरूण इथूनच द्यावं की तिथं घ्यावं, एवढंच त्या विचारत होत्या.