भिंतीवरची पालखी

वडील कोलकात्यात नोकरीला होते. फ्री स्कूल स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी पालखीच्या एका एचिंगची छापील नक्कल आणली आणि भवानीपूरच्या आमच्या भाड्याच्या घरात टांगली. आजी तिलाही हात जोडायची. पालखी म्हणजे माउलींची, एवढंच तिला ठाऊक. मलाही लहानपणी त्या चित्रात पालखीच दिसायची.

चित्रकार बाल्थाझार सॉल्विन्स, हे कॉलेजात कळलं. हा अँटवर्पचा माणूस 1791 मध्ये कलकत्त्यात आला. साहेबांच्या पालख्या-बग्ग्या रंगवून पोट भरता भरता त्याने इथल्या जाती, धंदे, घरगडी, वाहनं टिपली. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, मग आम्लात बुडवायचा. अशा 250 चित्रांचा संग्रह त्याने इथेच छापला. रेघ राकट, माणसं जशीच्या तशी. गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. 1804 मध्ये लंडनच्या एडवर्ड ऑर्मने त्यातली साठ चित्रं परस्पर उचलली, गोंडस करून छापली. ती मात्र खपली. पुढे पॅरिसला 1808 ते 1812 या काळात सॉल्विन्सने बायकोच्या पैशावर चार खंड काढले, तेही बुडाले.

हे वाचल्यावर माझी नजर पालखीवरून भोयांकडे सरकली. चित्राखाली नाव आहे, पण ते वाहनाचं.

याच भोयांची पुढची पिढी 1827 मध्ये अडून बसली. सरकारने परवाना काढायला लावला, अंगावर नंबराचा बिल्ला दिला आणि तासाचा दर ठरवून टाकला. बहुतेक भोई ओडिशाचे. त्यांनी पालख्या खाली ठेवल्या आणि साहेबांची पंचाईत झाली. मग बिहारचे भोई आले, पालखीला चाकं लावून पाहिली गेली, आणि संप मोडला. ओडियांची पूर्वीची मक्तेदारी उरली नाही.

वडिलांमागे चित्र माझ्याकडे आलं. पालख्या गेल्या, माणसाने ओढायच्या हातरिक्षा आल्या. त्या बंद करण्याचा कायदा इथल्या विधानसभेने 2006 मध्ये केला, तरी आमच्या नाक्यावर रिक्षा उभ्या असतात. पाहुणे चित्रातल्या भोयांचं तोंड भरून कौतुक करतात आणि खाली उतरल्यावर रिक्षावाल्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालतात. कष्टकरी माणूस भिंतीवर सगळ्यांनाच आवडतो, कारण तिथे तो मजुरी मागत नाही.