बैठक आणि पट्टा

धाराशिवला आमच्या मामांचे गाड्यांच्या कुशनचे दुकान आहे. कॉलेज सुटले की संध्याकाळी मी तिथे बसतो. मराठी विषय घेतलेला मुलगा रेक्झिन कापतो आहे, हे पाहून आमचे एक प्राध्यापक एकदा हसून म्हणाले होते, "काय रे, शब्दांना अस्तर लावायची तयारी चालली आहे वाटते!" मीही हसलो. पण या दुकानाने मला जे शिकवले ते हसण्यासारखे नव्हते. तेच आज सांगतो.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण लाल रंगाची छोटी गाडी घेऊन आला. नोकरी पुण्याला, घर आमच्याच गावात. आठवडाभर याच गाडीने कचेरीला जायचे आणि वर्षातून दोन-तीनदा तीच घेऊन कोईमतूरला करी मोटर स्पीडवेवर वेगाची हौस भागवायची, असा त्याचा शिरस्ता. त्याने डिकी उघडली. आत एक बकेट सीट होती आणि चार पट्ट्यांचा लालभडक हार्नेस. दोन्ही कुणाकडून तरी जुने घेतलेले.

"मामा, ड्रायव्हरची सीट काढून ही बसवा. खांद्यावरचे पट्टे मागच्या सीटखालच्या बोल्टला आवळा. आणि मूळचा पट्टा टाका कापून."

"कशाला एवढी उठाठेव?" मामांनी विचारले.

"वळणावर अंग घसरते हो. हात गाडी वळवायच्या ऐवजी स्टिअरिंगला लटकून राहतात."

कारण खरे होते. बकेट सीटच्या दोन्ही कडा कमरेला आणि बरगड्यांना धरतात; मग हातपाय आपल्या कामाला मोकळे राहतात. मामांच्या डोळ्यांसमोर दोन दिवसांचे काम आणि चांगली मजुरी उभी राहिली. त्यांनी पाना उचलला. मी मात्र म्हणालो, "मामा, थांबा."

का म्हणालो, ते सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

दोन वर्षांपूर्वी आमच्या दुकानात एक छोटीशी वस्तू मिळत असे. पट्ट्याच्या बक्कलमध्ये खुपसायची नुसती लोखंडी पत्ती. तिला पट्टा नाही, काही नाही. ती खुपसली की पट्टा न लावताही गाडीची पीं-पीं बंद. दाजी एकदा ताईला माहेरी सोडायला आले, तेव्हा त्या आवाजाला वैतागले होते. मी मोठ्या रुबाबात गल्ल्याशेजारची एक पत्ती काढली आणि म्हणालो, "घ्या दाजी, माझ्याकडून भेट!"

त्या हिवाळ्यात उसाचा हंगाम जोरात होता. सोलापूरहून परतताना तुळजापूरच्या अलीकडे दाजींची गाडी रात्रीच्या अंधारात उसाच्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना लाल पट्टी. एअरबॅग उघडली, पण माणूस पट्ट्याने बांधलेला आहे असे धरूनच ती बनवलेली असते. दाजी तिच्यावर फेकले गेले, तिथून काचेवर. जीव वाचला. उजवा डोळा गेला. बक्कलमध्ये माझी भेट तशीच होती.

दाजींनी मला कधी एका शब्दाने दुखावले नाही. ताईने फक्त एकदा विचारले, "तुला ठाऊक नव्हते का रे?" त्या प्रश्नाने मी वाचायला लागलो. परीक्षेसाठी वाचले नव्हते इतके वाचले.

आज आपल्या गाडीत असतो तो तीन टोकांचा पट्टा नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने व्होल्वो कंपनीत 1959 साली बनवला. त्याआधी तो विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करीत असे. व्होल्वोने तो पट्टा इतर कंपन्यांनाही वापरायला मोकळा ठेवला. आणि आपण? आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्याचे गोपीनाथराव मुंडे 3 जून 2014 रोजी दिल्लीत मागच्या सीटवर बसले असताना अपघातात गेले. पट्टा लावला असता तर ते वाचले असते, असे तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन नंतर म्हणाले. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. आपण हळहळतो, आणि मागच्या सीटचे बक्कल कव्हरखाली दडपून टाकतो.

तर त्या तरुणाला मी हे सगळे सांगितले, दाजींचेही सांगितले. तो म्हणाला, "अरे मित्रा, मी तर एकाच्या जागी चार पट्टे लावतोय!"

"तेच तर," मी म्हणालो. "खांद्यावरचे पट्टे मागे जवळजवळ सरळ जायला हवेत, फार तर वीस अंश खाली. तुम्ही ते तळाच्या बोल्टला बांधलेत, तर धडकेत ते खांदे खाली ओढतील आणि सगळा भार मणक्यावर येईल. मांड्यांमधून येणारा पट्टा यात नाही. म्हणजे खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर ओढणार आणि तो पोटात रुतणार. शर्यतवाले सहा पट्टे वापरतात ते यासाठी. गाडी उलटली आणि टप दबले, तर साध्या पट्ट्यात माणूस कलंडू तरी शकतो. यात ताठ बसलेलाच राहील. म्हणून हार्नेसच्या आधी रोल केज लागतो."

तो ऐकत होता. मी पुढे बोललो, "आणि मान? धड घट्ट बांधले की डोके एकटेच पुढे जाते. 2001 साली अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट शेवटच्या फेरीत कवटीचा तळ फुटून गेला. 2003 पासून फॉर्म्युला वनमध्ये डोके धरून ठेवणारे हान्स हे उपकरण सक्तीचे झाले. ते हेल्मेटला जोडतात. तुम्ही कचेरीला हेल्मेट घालून जाणार का? उलट स्पर्धेच्या गो-कार्टला पट्टाच नसतो, कारण वर आधाराचा सांगाडाच नसतो. गाडी तशी बैठक, बैठक तसा पट्टा."

आतापर्यंत गप्प बसलेले मामा पाना खाली ठेवत म्हणाले, "आमचे वडील बैल जुंपताना जोत्यात बोट घालून बघायचे. जोते आवळले तर बैलाला गळफास, सैल सोडले तर जू उडते. पोरगे बरोबर बोलतेय."

मी हार्नेसवरची चिठ्ठी दाखवली. मुदत केव्हाच संपली होती. मूळ सीटच्या कडेला एअरबॅगची खूण होती. सीटबरोबर तीही जाणार होती. मी म्हणालो, "करायचेच तर रोल केज, भोके असलेली सीट, सहा पट्टे, हेल्मेट, हान्स, सगळे एकदम करा, आणि ते फक्त ट्रॅकवर. यातले अर्धेच केलेत तर जीवाला जास्त धोका. रस्त्यावर मूळ सीट आणि मूळ पट्टाच असू द्या. चौकात मोटारसायकल बघायला वाकता तरी येईल."

तो बराच वेळ काही बोलला नाही. आपल्या गाडीवरचे प्रेम कोणी तपासावे, हे कुणाला आवडते? अखेर त्याने डिकी बंद केली. "बघतो," म्हणाला. मामांची दोन दिवसांची मजुरी गेली.

गाडीत बसता बसता तो थांबला. "मागच्या सीटवर आई बसते. तिथले बक्कल सापडतच नाही. तेवढे काढून द्याल?"

मी कव्हरला चीर दिली, बोटे आत घातली. तीन बक्कल निघाले, धुळीने माखलेले. एकेक पुसून वर ठेवले. मामांनी त्याचे पैसे घेतले नाहीत.

ती पत्ती आता आमच्या दुकानात मिळत नाही. कोणतीही गाडी आली की कापड दाखवण्याआधी मी मागच्या सीटचे बक्कल शोधतो. गिऱ्हाईक कंटाळते, मामा कधीकधी डोळे वटारतात. दाजी अजूनही आले की पट्टा लावल्याचा आवाज मुद्दाम मला ऐकू येईल असा करतात. दाजी हसतात. मला अजून हसता येत नाही.