आगाऊ कागद

ऑर्केस्ट्राची गाडी गावात शिरायच्या आधी हा शिरतो, जत्रा कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. वहीच्या पानावर पट्टीनं आखलेला चौकोन, आत गोल, फुल्या, बाण. नाव स्टेज प्लॅन. हातकणंगल्याच्या आसपास बरेचजण त्याला नुसतं 'ते चित्र' म्हणून वाटेला लावतात.

मागताना याला लाज नाही. सुपारी घेताना मालक म्हणतो, "चालतंय की, भागवू." हा काहीच भागवत नाही. स्टेज तीस बाय वीस फूट, सपाट. ऑक्टोपॅड आणि ड्रम मागे मधोमध, फूटभर उंचीवर. ढोलकी-तबल्याला बैठक. प्रत्येक कीबोर्डला डीआय बॉक्स, कारण त्याची साधी वायर लांबच्या मिक्सरपर्यंत ओढली की वाटेत घरघर गोळा करते. मॉनिटर गायकाच्या समोर, माइकच्या पाठीला. गायकाच्या माइकला मागचं कमी ऐकू येतं. कुणी 'आड येतोय' म्हणून मॉनिटर बाजूला सरकवला, की शिट्टी सुरू.

विजेच्या बाबतीत तर हा संशयी म्हातारा आहे. वाद्यांची लाइन वेगळी, लायटिंगची वेगळी, अर्थिंग पाहिजेच. जनरेटरचा न्यूट्रल सैल पडला, तर 230 व्होल्टच्या जागी 400 च्या जवळपास चढू शकतात आणि अ‍ॅडॉप्टर गाण्याआधीच जातो. तेवढी ओळ त्यानं दोनदा अधोरेखित केलेली असते, आणि माझ्या मते सगळ्या पानात तीच सर्वांत मोलाची.

पण माणसं त्याला कळत नाहीत. त्याचं डावं-उजवं कलाकाराच्या नजरेनं. मंडपवाला मैदानात उभा राहून वाचतो. मग कीबोर्ड ढोलकीच्या जागी आणि ढोलकी कीबोर्डच्या. म्हणून खाली ठळक लिहिलंय, 'प्रेक्षक इकडे'. तरी व्हायचं ते होतंच.

'सपाट' या शब्दाचंही तसंच. गळीत हंगाम संपला की उसाच्या ट्रॉल्या रिकाम्या, आणि चैत्रातल्या जत्रेला त्याच शेजारी-शेजारी लावून वर फळ्या टाकल्या की झालं स्टेज. दोन ट्रॉल्यांची उंची एक कशाला असेल? फटीवर उभी केलेली झांज पहिल्या ठेक्याला डुलायला लागते.

आणि चौकोनात पुढं मोकळी सोडलेली जागा! ती गायकांना फिरायला. कमिटीला तिथं सोफा दिसतो, समई दिसते, सरपंच, देणगीदार आणि ज्यांचं नाव राहिलं तर वर्षभर बोलणी खावी लागतील ते सगळे दिसतात. कुणीतरी लाल पेनानं 'सोफा खाली' असं लिहून ठेवलंय. सोफा वरच असतो.

साउंड चेक चारला, असं हा बजावतो, कारण ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम. परवानगीचे मोजके दिवस सोडले तर रात्री दहाला स्पीकर बंद. चेक वेळेत होतोही. मग सत्कार नऊपर्यंत चालतात, आणि यादीतली निम्मी गाणी कुठं कापायची, याला त्या चौकोनात कुठंच फुली नाही.