एकाच निखाऱ्यावरचे दोन इतिहास

१/ १ मार्च १७३९. जमैका बेटावर इंग्रजांनी कॅप्टन कडजो या मरून नायकाशी तह केला. त्यात स्वातंत्र्य आहे, १,५०० एकर जमीन आहे आणि चक्क रानडुकरांचेही कलम आहे : दोन्ही बाजूंचे शिकारी समोरासमोर आले, तर शिकार निम्मी-निम्मी वाटून घ्यावी! साम्राज्याने डुकरांची दखल का घेतली, त्याचा हा थ्रेड.

२/ १६५५ मध्ये इंग्रजांनी हे बेट स्पेनकडून जिंकले, तेव्हा स्पॅनिशांचे कितीतरी आफ्रिकी गुलाम डोंगरांत निसटले. पुढे इंग्रजी ऊसमळ्यांतून पळालेले लोक डोंगर गाठत राहिले. हेच मरून. स्पॅनिशांनी आणलेली डुकरे रानात मोकाट वाढली होती. तीच यांची रसद.

३/ बेटाचे मूळ रहिवासी ताईनो. काठ्यांच्या माचीवर मंद आगीत मांस भाजण्याची त्यांची रीत. 'बार्बेक्यू' हा शब्द त्यांच्याच भाषेतून आलेला. मरूनांनी ती रीत उचलली. मांसाला मिरची आणि पिमेंटोचे वाटण लावून ते धुरावर भाजायचे, हा 'जर्क'. पिमेंटो म्हणजे ऑलस्पाइस : लवंग आणि जांभळाच्या कुळातला वृक्ष.

४/ हा तह मी प्रथम कागदावर वाचला. पुढे बेटाच्या पूर्वेस, पोर्टलंड परगण्यातील एका छोट्या शेतावर जेवणाचा योग आला. निखाऱ्यांवर पिमेंटोच्या ओल्या काठ्या, काठ्यांवर मांस, वर पत्र्याचे झाकण. धुराला लवंग-दालचिनीचा गंध. स्कॉच बॉनेट मिरचीने डोळ्यांत पाणी आणले, तरी हात थांबेना.

५/ त्याच निखाऱ्यांत अख्खा नीरफणस काळाठिक्कर होईपर्यंत भाजत होता. साल उतरवताच वाफाळता, पिठूळ गर. कोकणात नीरफणसाची कापे खाऊन वाढल्यामुळे मला तो घरचाच वाटला. जमैकात मात्र तो १७९३ मध्ये आला. कॅप्टन ब्लायने ताहितीहून जहाजातून रोपे आणली, कारण मळेवाल्यांना गुलामांसाठी स्वस्त अन्न हवे होते.

६/ म्हणजे मांस निसटलेल्यांचे आणि नीरफणस अडकून पडलेल्यांचे? विभागणी इतकी सरळ नाही. त्याच तहात अट आहे की, यापुढे पळून येणाऱ्या गुलामांना मरूनांनी इंग्रजांच्या हवाली करावे. १७६० मध्ये टॅकीच्या नेतृत्वाखाली गुलामांनी उठाव केला, तेव्हा तो मोडायला मरून इंग्रजांच्या बाजूने उतरले.

७/ मरूनांना निव्वळ वीर म्हणणे सोपे, निव्वळ फितूर म्हणणे त्याहून सोपे. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात लढलेल्या समाजाने आपल्या मुलाबाळांसाठी शांतता स्वीकारली; तिची किंमत दुसऱ्यांच्या मुलाबाळांनी मोजली. जेवताना हे मला ठाऊक होते. जेवण तरीही अतिशय रुचकर होते. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगता येणे, हे मला इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम वाटते.

८/ तुमच्या गावात नीरफणसाचे झाड असेल, तर ते कोणी आणि कुठून आणले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि खाली जरूर लिहा.